वेलीला हात लावायचा नाही

— नाही नाही, चपला काढू नका, आत कुठे जायचंय आपल्याला, आधी बागेत. अशा बाजूनं या. कडेनं, कडेनं — तो पाइप आहे, त्यात पाय अडकतो, माझा रोज अडकतो आणि मी रोज त्याला शिव्या घालते. हं, या. बसा म्हटलं असतं, पण बागेतल्या दोन्ही खुर्च्यांवर रोपांचे ट्रे ठेवलेत उन्हासाठी, आणि रोपांना उठवून माणसांना बसवायची या घरात पद्धत नाही. उभ्यानंच बोलू. गुडघा का हो तुमचा? चालण्यावरून वाटलं. डावा? माझा उजवा. झालं तर, दोघींत मिळून एक धड बाई होईल.

फोनवर मी जरा दरडावल्यासारखी बोलले असेन — मला येतच नाही फोनवर गोड बोलता, माझा मुलगासुद्धा म्हणतो, आई, तू फोन उचललास की वाटतं पोलीस स्टेशनला लागला. तुम्ही तीनदा विचारलंत कोण बोलतंय, मी तीनदा सांगितलं त्यांची बायको बोलतेय. मग म्हणालात, “ते बरे आहेत ना?” मी म्हटलं, नाहीत, म्हणून तर फोन केलाय, बरे असते तर मी कशाला करते तुम्हाला फोन. बरोबर की नाही? खरं सांगू का, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. आणि आलात तर कशा दिसाल, याचं माझ्या डोक्यात एक चित्र होतं — उंच, मान ताठ, केसांत एखादं फूल खोचलेलं — आणि फाटकाशी बघते तर ही एवढीशी बाई, हातात कापडी पिशवी, डोक्याला कानटोपी. कानटोपी! मी इतकी वर्षं कानटोपीवर जळत होते? — नाही, राहू द्या, राहू द्या डोक्यावर. इथली थंडी तशी काय हो, सकाळी स्वेटर आणि अकरा वाजता घाम. झाडांनाही कळत नाही म्हणे झोपायचं की जागं राहायचं, म्हणून आपण कात्री लावून त्यांना सांगायचं, झोपा आता. हे माझं नाही, वहीतलं आहे. हसताय? हसा. वहीवर येतेच मी.

आधी हे बघा. बघून घ्या एकदा डोळे भरून. हे इकडचे अकरा गुलाब — होते. आता काय आहेत ते तुम्हीच सांगा. मला तर कुणी बाहेर कोयता घेऊन उभं होतं नि हे पळून जाता जाता सापडले असं वाटतं. आणि ती — ती भिंतीवरची — हो. ती वेल. अर्धीच राहिलीय. तोंडावर हात नका ठेवू, मेली नाहीये अजून, मी नख लावून बघितलंय, आतून हिरवी आहे. कुणी केलं? मी केलं. माळी ठेवायला मुलगा सांगत होता, पैसे पाठवतो म्हणाला, मी म्हटलं, त्यांची बाग आहे, त्यांनी तीस वर्षं कुणाला खुरपं धरू दिलं नाही, आता ते खिडकीत बसलेत तर परका माणूस आणून त्यांच्यासमोर नाचवू? त्यापेक्षा मी करते. मला काय येतं? काही येत नाही. लग्न झाल्यापासून मी या बागेत फक्त कपडे वाळत घालायला आलेय. तेही दोरी कुठे बांधायची त्यावरून भांडण करून.

तर झालं असं. पावसाळा सरता सरता यांना झटका आला. आंघोळीला गेले, मग बादली पडल्याचा आवाज — उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात चालतो, कान शाबूत, डोकंही शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतो आणि मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसतं, रागावलं की डोळे तसेच आहेत, अगदी पूर्वीसारखे. चाकाची खुर्ची आणली. ती त्या खिडकीशी ठेवली, म्हटलं निदान बाग बघतील. आणि बघायचे हो! सकाळी उठवलं की डाव्या हातानं चाक ढकलत आपले खिडकीशी. मी इथे झारीनं पाणी घातलं की तिकडून घशातून आवाज. जास्त झालं तर एक आवाज, कमी झालं तर दुसरा. मला कळायला लागला होता फरक. म्हणजे एकेचाळीस वर्षं बोलत होते तेव्हा जेवढं कळायचं त्यापेक्षा जास्तच. जेवायचेही बऱ्यापैकी. मग थंडी पडली, आणि मला वाटलं, आता छाटणीचे दिवस, दर वर्षी या दिवसांत हे लग्नघरातल्यासारखे धावपळ करायचे, यंदा काहीच झालं नाही तर खचतील. म्हणून मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला आणि वही काढली. काळ्या पुठ्ठ्याची.

त्यात एक पान होतं, वर लिहिलेलं: थंडीतली कामं. पहिला आठवडा, पाणी तोडायचं, आळी उकरायची, मुळांना ऊन दाखवायचं. मुळांना ऊन दाखवायचं! मी इथे खुरपं घेऊन उकिडवी बसून अकरा झाडांच्या मुळांना ऊन दाखवलं, मला सदुसष्ट वर्षांत कुणी दाखवलं नाही. पण केलं. तीन दिवस दाखवलं. दुसरा आठवडा, छाटणी. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरका काप. आता डोळा म्हणजे काय? मी चष्मा लावून गुलाबाचा डोळा शोधत बसले. मला काटे तेवढे दिसले. शेवटी म्हटलं, मी जिथे कापेन तिथे त्यानं डोळा उघडावा, आणि लावली कात्री. एक झालं, दोन झाली, हात बसला माझा. तुम्हाला म्हणून सांगते, मजा येते हो कापायला! कुणी सांगितलं नव्हतं मला. अकरा झाली तरी हात थांबेना, म्हणून भिंतीकडे वळले. आणि खिडकीतून हे हात वर करताहेत. डावा हात, असा, उंच. मला वाटलं, शाबासकी देताहेत. एकेचाळीस वर्षांत पहिली. म्हणून मी आणखी जोरात कापलं.

मग काचेवर पेला आपटला. फुटला नाही, स्टीलचा होता. मी बघितलं तर चेहरा लाल, तोंडातून लाळ, आणि नुसतं ब, ब, ब असं काहीतरी. मी कात्री टाकून आत धावले. मला वाटलं दुसरा झटका. तर त्यांनी माझ्याकडे बघितलं — तसं बघणं मी आयुष्यात विसरणार नाही — आणि डाव्या हातानं चाक धरून खुर्ची फिरवली. सावकाश. पूर्ण. भिंतीकडे तोंड. तेव्हापासून भिंतीकडे तोंड. मी सकाळी खिडकीकडे वळवते, मी स्वयंपाकघरात गेले की चाक कुरकुरतं, येऊन बघते तर भिंत. मुद्दाम तेल घालत नाही मी त्या चाकाला, निदान कळतं तरी. आणि जेवण बंद. चमचा नेला की ओठ घट्ट. नऊ दिवस झाले. पाणी घेतात थोडं, सूप दोन चमचे, बस. डॉक्टर म्हणायचा, भूक येईल हळूहळू. त्याचं काय जातं, तो जेवून आलेला असतो. काल मात्र त्यानंच नळीची गोष्ट काढली. नाकातून पोटात. हात बांधून ठेवावा लागेल म्हणाला, नाहीतर उपसून टाकतात पेशंट. हात बांधून. एकच तर हात राहिलाय.

धरा ही कात्री. धरा हो, नुसतं ऐकत उभ्या राहू नका, मला नुसतं ऐकणारी माणसं समोर असली की मी नको ते बोलते. त्या कोपऱ्यातल्या गुलाबापासून करा, त्याला मी जरा घाबरत घाबरत कापलं होतं, त्याचं अजून काही होण्यासारखं आहे. — असं धरायचं? बघू. आणि पातं कुठल्या बाजूला? अच्छा. म्हणजे मी उलटी धरली होती. अकराही झाडांना उलटी. बरं झालं, एक तरी गोष्ट सगळ्यांना सारखी मिळाली.

तर पेला आपटल्यानंतर मी बाहेर येऊन वही उचलली, चिखलात पडली होती, आणि पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ, खाली लाल पेन्सिलीची रेघ — वेलीला हात लावायचा नाही. फक्त वाळकं काढायचं. फुलं जुन्या फांद्यांवर येतात. पुढच्या पानावर! असली महत्त्वाची गोष्ट कुणी पुढच्या पानावर लिहितं का? सांगा ना. कुणी लिहितं का? — तुम्ही लिहिलीत. हो, तुमचंच अक्षर ते, ओळखलं मी. ती दोन्ही पानं तुमची. यांचं अक्षर म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवरचं, तुमचं छापल्यासारखं. खाली तुमचा फोन नंबर, आणि नंबरखाली ‘अडचण आल्यास’. मी म्हटलं, आली बाई अडचण.

मला तुमचं अक्षर कसं माहीत? चांगला प्रश्न विचारलात. म्हणजे विचारला नाहीत, पण कात्री थांबली तुमची. सांगते. दर वर्षी छाटणीच्या दिवशी हे वेलीच्या वाळक्याबरोबर चार-पाच चांगल्या फांद्याही काढायचे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, बाळंतिणीच्या मुलाला गुंडाळतात तशा, आणि स्कूटरला पिशवी अडकवून निघायचे. मी विचारलं की, ऑफिसात एकाला हव्यात. हे नकाशे काढायचे पाणीपुरवठ्यात, तिथे सगळे पाइपांचे भक्त, फुलं कुणाला हवीत? पण मी म्हटलं असेल कुणी. मग एकदा आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंचा पाय मुरगळला, त्यांचं वाचनालयाचं पुस्तक परत करायला मी गेले. तिथे पायऱ्यांवर कुंड्या, आणि एका मोठ्या कुंडीतून खांबावर चढलेला हा गुलाब. हाच, भिंतीवरच्या वेलीचा. आतून पिवळा आणि कडांना भाजल्यासारखा लाल. आता हा गुलाब कुठेच मिळत नाही, यांनीच दोन वेलींची सोयरीक जुळवून काढलेला, जगात दुसरा नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आणि त्याला पाणी घालत एक बाई उभी, वरच्या पायरीवर म्हणून उंच वाटलेली, पाठमोरी, हिरवा स्वेटर. आणि तिच्या हातात झारी — तोंडाशी डाग दिलेली. माझी झारी! सहा महिने मी ती शोधत होते, भंगारवाल्यावर आळ घेतला होता, त्या बिचाऱ्यानं आमच्या गल्लीत यायचं सोडलं. चौदा वर्षं झाली त्याला.

मी काय केलं? काही नाही. पुस्तक परत केलं. तुम्ही खिडकीशी येऊन बसलात, शिक्का मारलात, वर बघितलंसुद्धा नाहीत. आणि मी दुसरं पुस्तक घेतलं. का घेतलं कोण जाणे, हात रिकामे घेऊन निघायची लाज वाटली. घरी येऊन वाचलं. रागानं वाचलं. आणि मग शिंपीणबाईंना म्हटलं, तुम्ही कपडे शिवा, पुस्तकं बदलून आणा, वाचते मी. कोपरे दुमडलेली पानं आठवतात तुम्हाला? त्यांच्या कार्डावरच्या पुस्तकांची? मी ती. मीच. पहिल्यांदा तुम्ही चिठ्ठी घातलीत, वाचकांनी कृपया कोपरे दुमडू नयेत. मी दुमडले. मग पुन्हा विनंती. मी पुन्हा दुमडले. मग लिहिलंत, अशानं पुस्तकाला इजा होते. इजा! मला त्या शब्दाचा असा संताप आला, इकडे माझा संसार दुमडून ठेवलाय आणि बाईला पुस्तकाची इजा दिसतेय. मी त्या एका पुस्तकाचे सतरा कोपरे दुमडले. पुढच्या वेळी चिठ्ठी नव्हती. कापडाची पट्टी होती, बोटभर रुंद, कडेनं टीप घातलेली, खूण म्हणून ठेवायला. ती आहे अजून माझ्याकडे. मी वापरते. मला ती आवडते आणि ती आवडते याचा मला राग येतो.

खाली अजून एक डोळा आहे म्हणता? कुठे? — हा होय! हा डोळा! इथून नवी फांदी फुटते? अहो हे तर पुटकुळीसारखं दिसतं, मी रोगट म्हणून काढून टाकत होते असले. किती काढले कोण जाणे. गप्प बसा, मोजू नका.

यांना विचारलं का कधी? नाही. विचारून काय करायचं होतं, त्यांनी खरं सांगितलं असतं तर? पण विचारलं नाही म्हणून सोडलं असं नाही हं. मी साधी नाही. झारीचं कळल्यावर चार थंड्या गेल्या असतील, मला ताप होता, आठवडाभर अंथरुणात. आणि आली छाटणीची तारीख. हे खोलीत आले, बूट घातलेले, म्हणाले, “बरी आहेस ना?” आणि मी तोंड उघडेपर्यंत स्कूटर सुरू. कारण फांद्या ओल्या असताना पोचायला हव्यात. मग उठले, अंगात एकशे दोन ताप, मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, मिठाचा अख्खा डबा त्यात रिता केला, आणि तसंच उकळतं नेऊन ओतलं. तिथे, वेलीच्या बुंध्याशी, डाव्या बाजूला. वाफ आली केवढी. मग येऊन झोपले, आणि तुला सांगते, इतकी छान झोप मला त्या आठवड्यात लागली नव्हती. — तुम्हाला. तुम्हाला सांगते.

पंधरा दिवसांत डावी बाजू वाळली. हे वेडेपिसे झाले. माती उकरली, बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, वरची माती काढून नवी घातली, महिनाभर संध्याकाळी ऑफिसातून आले की बूटसुद्धा न काढता तिथेच उकिडवे. मला म्हणाले, वाळवी असेल. मी म्हटलं, असेल. वाळवीवर आमचं एकमत झालं आणि विषय संपला. संपला असं मी धरून चालले होते, दहा वर्षं. मग यंदा ती वही. त्या दिवसांतली तारीख आहे, त्यांच्या त्या किड्यामुंग्यांच्या अक्षरात. मी दोनदा चष्मा पुसला. लिहिलंय — वेल डाव्या अंगानं वाळली. मातीची चव घेतली, खारट. कारण कळलं. बोलायचं नाही. पाणी सोडत राहायचं.

मातीची चव घेतली. म्हणजे हा माणूस ओणवा होऊन माती चाखून आला आणि आत येऊन माझ्या हातचा चहा प्यायला. आणि दुसऱ्या दिवशी मला मोसंबी सोलून दिली, ते मला आठवतं, कारण त्यांनी कधी काही सोलून दिलेलं नाही मला. आणि मी इकडे दहा वर्षं मनातल्या मनात मोठी होत होते, की बघा, मला सगळं माहीत असून मी यांना माफ केलंय. तर हा आधीच माफ करून बसला होता! माझ्या आधी! विचारलं नाही, सांगितलं नाही, माझ्यावर डाव टाकून गप्प. बदमाश माणूस. आता भांडावं तर बोलता येत नाही त्याला. भांडायला माणूस लागतो हो समोर, भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीशी काय भांडायचं. मी प्रयत्न केला. परवा केला. त्या पाठीला म्हटलं, मीठ मी टाकलं होतं. पाठ काही बोलली नाही. मान तेवढी थोडी हलली, आता ती हो म्हणून हलली की गेली उडत म्हणून, ते पाठीवरून कळत नाही.

— नाही. थांबा. तुम्ही काही सांगायचं नाही. तुमचं तोंड उघडलेलं दिसलं मला, मिटा. तुमचं आणि त्यांचं काय होतं, होतं की नव्हतं, मला ऐकायचं नाही. चौदा वर्षं मी ते मनात रचलंय, खोली धरून, पडदे धरून, तुमच्या घरी कपबशा कुठल्या रंगाच्या तेही ठरवलंय. आता तुम्ही म्हणालात की आम्ही नुसतं शेणखतावर बोलायचो, तर माझी चौदा वर्षं फुकट गेली. आणि शेणखतावर नव्हतात बोलत असं म्हणालात, तर मला ही कात्री तुमच्या हातातून काढून घ्यावी लागेल, आणि मग उरलेले गुलाब कोण करणार? त्यापेक्षा असू दे. जे होतं ते तुमच्याकडे राहू दे. मला फक्त एवढं सांगा, ते तिकडे हसायचे का? — हं. मोठ्यानं? — बरं. इथे नाकातल्या नाकात हसायचे. असू दे.

पिशवीत काय आणलंत? आल्यापासून छातीशी धरलीय, आता कात्री हातात घेतली तरी ती काखेतच. औषध आहे का कुठलं? — दाखवा. ओला कागद. अगं बाई. वेलीच्या फांद्या. तुमच्या खांबावरच्या. सहा? सहाही धरतील? त्या मधल्या दोघी जरा बारीक वाटतात. — अच्छा, पेन्सिलीएवढी जाडी पुरे. बरं. आण— आणा इकडे. भरलेली कुंडी आहे तिथे, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत, मी शेवंतीसाठी करून ठेवली होती, राहू दे शेवंती. किती आत खोचायच्या? दोन डोळे मातीत, दोन बाहेर. आणि सावलीत. मला लिहून देऊ नका, करूनच दाखवा, तुमच्या लिहिण्यानं काय झालं ते बघताय ना भिंतीवर.

एक विचारू? ती डावीकडे कापताय ती फांदी — का ती? मला तर चांगली दिसते. — आतल्या बाजूला वळलीय म्हणून. आत वळलेल्या एकमेकींना घासतात, साल सोलवटते, मग रोग शिरतो. हं. म्हणजे मधे हवा खेळती राहिली पाहिजे. यांनी कधी सांगितलं नाही मला. मी विचारलंही नाही म्हणा. त्यांना वाटायचं मला बागेचा राग आहे. होताच. पण रागाच्या माणसालाही सांगावं की थोडं काही. आणि तुमचा आवाज वेगळा येतो कात्रीचा. मी कापते तेव्हा कचाकचा, कुणाचे केस कापल्यासारखं. तुमची एकच टिक्. मग थांबता. मग टिक्. ते असंच कापायचे, मला आत ऐकू यायचं, भाजी चिरताना. टिक्, मग किती वेळ काही नाही, मला वाटायचं गेले का कुठे, तर टिक्.

थांबा. वळू नका. वळू नका म्हणते ना! मान खाली, कापत राहा. ऐकलंत? चाक कुरकुरलं. मी नाही वळवली खुर्ची, मी इथे आहे. कापा हो, थांबता काय! पुन्हा. अर्धी आली असेल. त्या चाकाला अर्ध्यावर फरशीची एक कड लागते, तिथे त्यांना जोर करावा लागतो, एका हातानं. — चढली. चढली कड. आता आपण बघायचं नाही. आपण मुळीच बघायचं नाही, आपल्याला काय पडलंय, आपण दोन बायका बाग साफ करतोय. हे गेलेले दांडे उचला ना तिकडचे. काही नाही झालं मला, धूळ गेली डोळ्यात. तुमच्याही गेली दिसते. पुसा, पण मातीचे हात लावू नका, आणखी चुरचुरेल. तो पदराचा — तो स्वेटरच्या बाहीचा आतला भाग वापरा.

झाली ना ती शेवटची? द्या कात्री. नाही, आता पुढचं मी बघते, हा वाळलेला कचरा ओढायला काही अक्कल लागत नाही. तुम्ही हात धुवा, नळ तिथे आहे. आणि आत जा. हो, आत. तुम्ही एकट्या. मागच्या दारानं शिरलात की स्वयंपाकघर, ओट्यावर वाटी झाकून ठेवलीय, सूप आहे, कोमट असेल, गरम करायला जाऊ नका, त्यांना पोळतं. चमचा लहान घ्यायचा. डाव्या बाजूनं द्यायचा, उजवीकडून गळतं, आणि गळलं की त्यांना लाज वाटते, मग बंदच करतात, म्हणून गळायच्या आत पुसायचं, रुमाल खुर्चीच्या हाताला आहे. गिळलं की गळ्याची गाठ खालीवर होते, ती बघायची, मग पुढचा चमचा. घाई नाही. बोललात तरी चालेल. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी मीठ टाकल्याचं सोडून, ते माझं आहे. रडायचं असेल तर नळाशीच रडून घ्या, आत नाही, त्यांना वाटेल डॉक्टरनं काही सांगितलंय.

मी? मी नाही येत. मला कामं पडलीत, लिंबाच्या खोडाला चुना लावायचाय, ट्रे हलवायचेत, ऊन सरकलंय बघा. तुम्ही जा. माझ्याकडे बघत काय उभ्या राहिलात, सूप गार होतंय. जा ना. नऊ दिवस मी चमचा घेऊन बसले, माझ्याच्यानं झालं नाही, तुमच्याच्यानं झालं तर — तर उद्या पुन्हा या. दहाला. आणि नाही झालं तरी या.

जा. आणि ते दार तेवढं ढकला, वारा येतो त्यांच्या अंगावर. — एवढं नको, फट ठेवा थोडी.

बरं, लावा. लावून घ्या.